अपडेटनंतर डेस्कटॉप सुरूच होत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री विंडोजचं अपडेट लागलं आणि सकाळी बघावं तर कॉम्प्युटर लोगोच्या पुढे सरकत नाही, ही तक्रार घेऊन माझ्याकडे नेहमी कोणी ना कोणी येत असतं. तालुक्याच्या गावात वीस वर्षं मी हे दुरुस्तीचं काम करतोय. लोकांनी विचारलेलेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुख्यतः विंडोज १० आणि ११ असलेल्या डेस्कटॉपसाठी आहेत.

माझ्या फायली गेल्या का?

जवळजवळ नक्कीच नाहीत. अपडेट विंडोजच्या स्वतःच्या फायली बदलतं. तुमचे फोटो, हिशेब, पत्रिकांची डिझाइन्स यांना ते हात लावत नाही. विंडोज सुरू होत नसलं तरी डिस्कवरचा मजकूर जिथल्या तिथे असतो. दुकानाला कुलूप लागलं म्हणून आतला माल जात नाही, तसंच हे.

माल जातो तो नंतरच्या घाईत. 'लगेच चालू करून द्या' म्हणून कोणीतरी फॉरमॅट मारतं, आणि डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, सी ड्राइव्हच्या कोपऱ्यात ठेवलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून पुढचं सगळं वाचताना एकच गोष्ट धरून ठेवा: फायली बाहेर काढून घेतल्याशिवाय फॉरमॅट नाही, रीसेट नाही.

'अपडेट चालू आहे, बंद करू नका' असं दोन तास दिसतंय. बटण दाबून बंद करू का?

आधी कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा बघा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे, थांबा. एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, असेल तर अर्ध्या-पाऊण तासात उरकतं, पण जुनी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असलेल्या यंत्राला मोठ्या अपडेटला तीन-चार तासही लागलेले मी पाहिले आहेत. टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ राहते, त्याला घाबरू नका. दिवा पूर्ण विझलेला किंवा सलग पेटलेला, आकडा तीन तास तसाच, असं असेल तरच पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा.

अपडेट चालू असताना लाईट गेली. आता?

विंडोजचं साधं अपडेट असेल तर बहुतेक वेळा ते स्वतःला सावरतं. लाईट आल्यावर सुरू करा. 'अंडूइंग चेंजेस' असं दिसलं तर ते अर्धवट काम मागे घेतंय, त्याला हवा तेवढा वेळ द्या.

बायोसचं अपडेट चालू असताना लाईट गेली असेल तर मात्र मामला गंभीर आहे. त्यात मदरबोर्डच्या चिपवरचा प्रोग्रामच अर्धवट लिहिला जातो आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. काही बोर्डांवर पेनड्राइव्हवरून बायोस परत चढवण्याचं वेगळं बटण असतं, काहींवर बायोसची दुसरी प्रत असते. तुमच्या बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत बघा. दोन्ही नसेल तर ती चिप प्रोग्रामर असलेल्या माणसाकडे न्यावी लागते.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पुष्कळ इन्व्हर्टरांच्या मागे एक छोटी कळ असते: एका बाजूला साधा मोड, दुसऱ्या बाजूला यूपीएस मोड. साध्या मोडवर लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, त्यात पंखा नुसता मंदावतो पण कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. कळ यूपीएसवर करा, नाहीतर कॉम्प्युटरपुरता छोटा यूपीएस लावा.

नेमकं कुठे अडकलंय हे कसं ओळखायचं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि नेमका हाच कमी लोक विचारतात. 'चालू होत नाही' हे चार वेगवेगळ्या आजारांचं एकच नाव आहे.

पंखाच फिरत नाही, दिवा नाही: हा विजेचा प्रश्न. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण, एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) मागची कळ, पॉवर केबल तपासा. अपडेटचा काही संबंध नाही.

पंखा फिरतो, पण स्क्रीनवर कंपनीचा लोगोही येत नाही: विंडोजची पाळी अजून आलेलीच नाही. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर कॉम्प्युटर जिवंत असण्याची शक्यता मोठी, मॉनिटरची केबल तपासा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लावायची, बोर्डाच्या पोर्टला नाही. दिवा लागत नसेल तर वीज काढून, बटण दोन-चार वेळा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, रॅम काढा, तिच्या सोनेरी पट्ट्या स्वच्छ खोडरबरने हलक्या हाताने पुसा, खोडरबराचा चुरा झटका आणि टक आवाज येईपर्यंत परत बसवा. कोकणातल्या चार महिन्यांच्या दमट हवेनंतर एवढ्यानेच कितीतरी यंत्रं सुरू झालेली मी पाहिली आहेत.

लोगो येतो, पण काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस' सापडत नाही असा संदेश येतो: कॉम्प्युटरला डिस्क दिसत नाही, किंवा कुठून सुरू करायचं ते तो विसरला आहे.

लोगोखाली ठिपके गोल गोल फिरत राहतात, एररची निळी स्क्रीन येते किंवा पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो: आता विंडोजची पाळी आली आहे. इथे अपडेटवर संशय घ्यायला जागा आहे.

काल रात्रीपर्यंत सगळं नीट होतं. म्हणजे दोष अपडेटचाच ना?

दर वेळी नाही. विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' बहुधा चालूच असतं. त्यामुळे आपण 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो. खरीखुरी नव्याने सुरुवात फक्त रीस्टार्टला होते, आणि अपडेट रीस्टार्ट करायला लावतं. शिवाय ते डिस्कवर एका दमात पुष्कळ लिहितं. म्हणून महिनोन् महिने दबलेला आजार, म्हणजे कमकुवत झालेली डिस्क, सैल केबल, खराब रॅम, त्याच रात्री वर येतो.

अपडेटच खरोखर चुकलं, असंही घडलेलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटींवरचं अपडेट आलं, तेव्हा एएमडी प्रोसेसर असलेले काही जुने कॉम्प्युटर सुरूच होईनात, आणि मायक्रोसॉफ्टला त्या यंत्रांसाठी ते थांबवावं लागलं होतं.

'बूट डिव्हाइस' सापडत नाही असं येतंय. डिस्क गेली?

आधी पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, प्रिंटर, डोंगल, जे जे लावलंय ते काढा आणि पुन्हा सुरू करा. हसू नका, विसरलेल्या पेनड्राइव्हपायी माणसं रिक्षात सीपीयू घालून माझ्यापर्यंत आली आहेत.

तरी तेच असेल तर सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. तारीख-वेळ बघा. बरीच वर्षं मागची तारीख दिसत असेल तर बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. तो सीआर२०३२ या नावाने घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपला की वीज पूर्ण गेल्यावर बायोसच्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि सुरू होण्याचा मोड 'यूईएफआय'चा 'लेगसी', डिस्क वाचण्याचा मोड 'एएचसीआय'चा 'रेड' असं काहीतरी होऊन बसतं. मग डिस्क ठणठणीत असूनही विंडोज चढत नाही. बायोसच्या अपडेटनंतरही हेच होतं. सेल बदला आणि मोड पूर्वी होता तसा करा. विंडोज ११ कंपनीच्या नियमांप्रमाणे बसवलेलं असेल तर सुरू होण्याचा मोड यूईएफआयच असतो.

बायोसच्या यादीत डिस्कचं नावच नसेल तर डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा, शक्य तर बदलून बघा. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा सुरू करून बघणं तिला महागात पडतं.

विंडोजपर्यंत पोचतो, पण अडकतो. दुरुस्तीचा निळा पडदा कसा आणायचा?

पूर्वी एफ८ चालायचं, आता ते मुळातच बंद केलेलं असतं. उपाय थोडा धसमुसळा वाटेल, पण तो मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला आहे. सुरू करा, लोगोखाली ठिपके फिरायला लागले की पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की पुढच्या वेळी 'प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर' असं येतं. तिथून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'ट्रबलशूट', पुन्हा 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'.

तेही येत नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. त्यावरचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामाच घ्या. त्यावरून सुरू केल्यावर 'इन्स्टॉल'कडे न जाता 'रिपेअर युवर कॉम्प्युटर' निवडा.

तिथे बरेच पर्याय आहेत. आधी कुठला?

'स्टार्टअप रिपेअर' एकदा चालवून बघा, धोका नसतो. फार वेळा यश येतं असं नाही, पण दहा मिनिटांचं काम आहे.

त्यानंतर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. माझा खरा भरवसा यावर आहे. आत दोन ओळी असतात: 'क्वालिटी अपडेट' म्हणजे महिन्याचं अपडेट, 'फीचर अपडेट' म्हणजे विंडोजची पूर्ण नवी आवृत्ती. काल रात्री जे लागलं ते काढा. कोणतं होतं ते माहीत नसेल तर आधी क्वालिटी. फीचर अपडेट साधारण दहा दिवसांच्या आतच मागे घेता येतं, म्हणून 'बघू पुढच्या महिन्यात' करू नका.

मग 'सिस्टिम रिस्टोअर'. ते चालू ठेवलेलं असेल तर अपडेटच्या आधीचा दिवस यादीत मिळतो. त्यात तुमच्या फायली जात नाहीत, पण त्या तारखेनंतर टाकलेले प्रोग्राम आणि ड्रायव्हर जातात.

'रीसेट धिस पीसी' अगदी शेवटी. 'कीप माय फाइल्स' निवडलं तरी टाकलेले सगळे प्रोग्राम जातात. हिशेबाचं सॉफ्टवेअर, डीटीपीचे फाँट, प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा उभं करायला दोन दिवस मोडतात.

निळा पडदा आला, पण कीबोर्ड-माउस काहीच चालत नाही.

ऑक्टोबर २०२५ मधल्या विंडोज ११ च्या अपडेटने नेमकं हेच केलं होतं: विंडोजमध्ये यूएसबी कीबोर्ड-माउस नीट, पण दुरुस्तीच्या पडद्यावर मेलेले. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला त्यावर वेगळं अपडेट काढलं. अशा यंत्रावर पेनड्राइव्हवरून सुरू करणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग डेस्कटॉपवाल्यांच्या नशिबाचा आहे: मागे जांभळं गोल पोर्ट असेल तर माळ्यावरचा जुना पीएस/२ कीबोर्ड काढा. तो कॉम्प्युटर बंद असतानाच लावायचा.

४८ आकडी 'रिकव्हरी की' मागतोय. मी तर कधी काही लावलंच नाही!

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे. नव्या, ब्रँडेड यंत्रांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे कुलूप न विचारता लागतं. जुलै २०२४ आणि मे २०२५ च्या अपडेट्सनंतर काही कॉम्प्युटरांवर हा पडदा अचानक आला होता. बायोस अपडेटनंतरही येतो.

दुसऱ्या मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जा. तिथे तुमच्या उपकरणाखाली ही किल्ली साठवलेली असते: सहा आकड्यांचे आठ गट. पडद्यावर दिसणारा की-आयडी आणि खात्यातला आयडी जुळतो का ते बघा. खातं मुलाच्या किंवा कॉम्प्युटर बसवून देणाऱ्याच्या ईमेलवर असतं, असं फार वेळा निघतं, तेव्हा आठवून विचारा. ऑफिसचा कॉम्प्युटर असेल तर किल्ली ऑफिसच्या आयटी विभागाकडे.

किल्ली कुठेच नसेल तर फायली परत मिळत नाहीत. 'मी काढून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि एएमडीच्या बोर्डावर बायोस अपडेटनंतर 'एफटीपीएम (प्रोसेसरमधली किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करू का, वाय की एन' असं विचारलं तर किल्ली हातात नसताना वाय दाबू नका.

विंडोज सुरू होतं, पण काळी स्क्रीन आणि नुसता माउसचा बाण.

ही सोपी गोष्ट आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. नाही झालं तर निळ्या पडद्यातून 'स्टार्टअप सेटिंग्ज'मध्ये जाऊन ४ दाबून सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) या आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेच्या ड्रायव्हरला 'रोल बॅक' करा.

विंडोज सुरू न करता फायली बाहेर काढता येतात?

येतात, आणि यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही.

निळ्या पडद्यावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा आणि नोटपॅड हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. साधं नोटपॅड उघडतं. त्यात 'फाइल', मग 'ओपन'. खाली 'ऑल फाइल्स' निवडा. आता ही ओपनची खिडकी म्हणजेच तुमचं एक्स्प्लोअरर. पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क लावा, हव्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉपी', बाहेरच्या डिस्कवर जाऊन 'पेस्ट'. कॉपी किती झाली ते दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, पण काम चालू असतं. एका वेळी एकच फोल्डर घ्या. या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. तुमचा सी इथे डी म्हणून दिसला तर दचकू नका, आतलं 'यूझर्स' फोल्डर बघून ओळखा.

दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून, साटा ते यूएसबी केबलने दुसऱ्या चालू कॉम्प्युटरला लावणं. डिस्क जुनी असेल तर मी हाच मार्ग घेतो. अशा डिस्कवर कॉपीच्या आधी चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क-तपासणी, चालवू नका. अखेरच्या घटका मोजणाऱ्या डिस्कला तो ताण सोसत नाही.

काय काय घ्यायचं? 'डॉक्युमेंट्स' घेतलं म्हणजे झालं, असं नाही. डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर कुठे आहे ते सीएच्या ऑफिसला विचारा, ते पुष्कळदा 'यूझर्स'मधल्या 'पब्लिक'खाली किंवा थेट सी ड्राइव्हवर असतं. डीटीपीवाल्यांनी फाँटचं फोल्डर घ्यायलाच हवं. जुन्या मराठी पत्रिका युनिकोडमध्ये नाहीत, त्या ज्या फाँटमध्ये बांधल्या तो फाँट नसेल तर फाइल उघडते आणि अक्षरांचा नुसता काला दिसतो.

दुकानदार म्हणतो, 'फॉरमॅट मारावा लागेल, दुसरा इलाज नाही.'

कधीकधी तो खरं सांगत असतो. पण आधी विचारा: अपडेट काढून बघितलं का? डिस्कची तब्येत तपासली का? डेटा कुठे काढून ठेवलाय, तो मला दाखवता का? चांगला माणूस या प्रश्नांनी चिडत नाही.

एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, लग्नपत्रिकांचं काम करणाऱ्या. दुसरीकडे त्यांचा कॉम्प्युटर तासाभरात 'चालू' करून मिळाला होता. अकरा वर्षांचं काम डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये होतं. फॉरमॅट केलेली डिस्क एसएसडी होती. अशा डिस्कवर पुसलेले भाग डिस्क स्वतःच आतून रिकामे करत जाते, त्यामुळे रिकव्हरी सॉफ्टवेअरला हाती लागायला फार थोडं उरतं. मी दोन दिवस धडपडलो, काही आलं नाही. त्या रडल्या नाहीत, फक्त विचारलं, 'आधी तुमच्याकडे आले असते तर?' त्या प्रश्नामुळे मी हे सगळं लिहून काढलं.

विंडोज नव्याने टाकणं अटळच असेल तर दुकानदाराला सांगा: पार्टिशन फॉरमॅट न करता त्याच्यावरच टाका. तेव्हा जुनं सगळं 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये सरकतं. ते फोल्डर नंतर आपोआप पुसलं जाऊ शकतं, म्हणून त्याच दिवशी त्यातून हवं ते काढून घ्या.

लिनक्सही आहे. विंडोजच्या अपडेटनंतर लिनक्सच उघडत नाही.

ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने सिक्युअर बूटचे, म्हणजे फक्त खात्रीच्या सिस्टिमलाच सुरू होऊ देणाऱ्या पहाऱ्याचे, नियम कडक केले आणि दोन्ही सिस्टिम असलेल्या पुष्कळ कॉम्प्युटरांवर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' येऊन लिनक्स अडलं. तात्पुरतं बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा, लिनक्स अद्ययावत करा, मग परत चालू करा. बिटलॉकर असेल तर ही कळ हलवण्याआधी किल्ली जवळ हवी.

उबुंटूचंच (हे लिनक्सचं एक रूप) अपडेट बिघडलं असेल तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे काय सुरू करायचं ते विचारणारा, मेनू आणा, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा. जुना कर्नल मुद्दाम ठेवलेला असतो तो यासाठीच.

२०२४ मध्ये विमानतळांवरचे कॉम्प्युटर बंद पडले होते तो प्रकार हाच का?

नाही. १९ जुलै २०२४ ला बिघडलं ते क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं अपडेट होतं, विंडोजचं नाही. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांत असतं, घरी नसतं. मात्र तिथला उपायही सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढण्याचाच होता. तुमच्या अँटिव्हायरसने त्याच रात्री स्वतःला अपडेट केलं असेल तर सेफ मोडमधून त्याच्यावरही नजर टाका.

जुन्या यंत्रावर नियम चुकवून विंडोज ११ टाकलं होतं. आता सुरूच होत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, तेव्हा पुष्कळांनी हे केलं. पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना असाव्याच लागतात. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरमध्ये त्या नाहीत, म्हणून त्यावर ती आवृत्ती सुरू होऊच शकत नाही. इथे दुरुस्तीत वेळ घालवू नका. फायली काढा, मग जुनी आवृत्ती किंवा लिनक्स टाका.

मग अपडेट कायमचं बंद करून टाकू?

नको. बँकेचे व्यवहार, जीएसटीचे लॉगिन ज्या यंत्रावर होतात, त्याची दारं उघडी ठेवण्यात शहाणपण नाही. थोडं मागे राहा, एवढंच. महिन्याचं मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री. सेटिंग्जमध्ये 'पॉज' करून आठवडा-दोन आठवडे थांबता येतं, विंडोज ११ मध्ये पाच आठवड्यांपर्यंत. चुकलेलं अपडेट तोवर बहुधा दुरुस्त झालेलं असतं. मार्चअखेरीला, निकालाच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत आधीच पॉज लावा.

सुरू झाला! आता पहिलं काय करू?

इतर काहीही उघडण्याआधी बाहेरची डिस्क लावून वर सांगितलेली फोल्डर कॉपी करा. मग अपडेट दोन आठवडे पॉज करा, नाहीतर काढलेलं अपडेट आज रात्री पुन्हा लागेल. बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा, कॅबिनेटवर चिकटवू नका. त्यानंतर डिस्कची तब्येत दाखवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर चालवा. त्यात 'कॉशन' किंवा 'बॅड' असं आलं तर नवी एसएसडी याच आठवड्यात घ्या.